आधी मुक्काम ठरवा, मग सामान

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"माझं वय ६०, नवरा ६३. या वर्षअखेरीस तो निवृत्त होतोय. मुलं आपापल्या मार्गाला लागली. घर विकून पुढची चार-पाच वर्षं आरव्हीतच, म्हणजे चाकांवरच्या घरातच राहायचं आणि अख्खी अमेरिका सावकाश बघायची, हे त्याचं जुनं स्वप्न. मलाही ते आवडतं. ३८ फुटी फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायची आरव्ही) पसंत केलंय, ओढायला घरचा हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला, पिकअप आहेच. पण सामानाची यादी रोज वाढतेय. सोलर पॅनेल, लिथियम बॅटऱ्या, जनरेटर, बाहेर मांडायचं स्वयंपाकघर, काय नि काय. बेरीज बघून पोटात गोळा येतो. यातलं खरंच लागतं काय? कॅम्पग्राउंड कशी निवडायची? माझा कुकर तिथे चालेल ना? आणि घरच नसेल तर पत्ता कुठला द्यायचा? नवरा सिटिझन आहे, मी अजून ग्रीन कार्डवर आहे. सिटिझनशिपचा अर्ज यंदा करायचा आहे."

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकी सगळं महिना-दोन महिने पुढेमागे झालं तरी बिघडत नाही. हे बिघडतं.

ग्रीन कार्ड असलेल्या माणसाने राहण्याची जागा बदलली की १० दिवसांच्या आत यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, एआर-११ फॉर्मने कळवावं लागतं. सिटिझनशिपच्या अर्जाआधी किमान ३ महिने त्या राज्यात किंवा त्या कार्यालयाच्या हद्दीत वास्तव्य लागतं, आणि मग बोटांचे ठसे, मुलाखत, शपथविधी हे सगळं तुमच्या पत्त्यावरून ठरलेल्या कार्यालयात. दर महिन्याला राज्य बदलणाऱ्या माणसाला हे सांभाळणं फार कठीण. म्हणून माझा सल्ला अगदी स्पष्ट आहे. एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, न्यू जर्सीच्या घरातून भरा आणि शपथ होईपर्यंत ते घर मोडू नका. यजमानांना निवृत्त होऊ द्या, आरव्हीही घ्या, छोट्या सहली करा, पण राहतं घर तेवढे महिने राहू द्या. इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या. यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा तो खर्च आधीचा.

त्यानंतर कायमच्या पत्त्यासाठी पूर्णवेळ फिरणारे लोक बहुधा साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही, आणि तिन्हीकडे टपाल घेऊन तुम्ही असाल तिथे पाठवणाऱ्या सेवा आहेत. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनची एस्केपीज ही त्यातली जुनी संस्था. पण आयकर एवढाच मुद्दा धरून राज्य निवडू नका. तुम्हा दोघांचंही वय अजून ६५ झालेलं नाही, तेव्हा मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) सुरू होईपर्यंत आरोग्य विमा बहुधा त्या राज्याच्या मार्केटप्लेसमधून, म्हणजे विमा योजनांच्या सरकारी बाजारातून, घ्यावा लागेल. अशा बऱ्याच योजनांत राज्याबाहेर इमर्जन्सी सोडली तर फारसं काही मिळत नाही. कुठल्या पत्त्यावर कुठली योजना मिळते आणि ती बाहेर कितपत चालते, हे आधी बघा, मग राज्य ठरवा. पुढे ६५ ला यजमानांनी मेडिकेअर घेताना एक लक्षात ठेवावं. ओरिजिनल मेडिकेअर देशभरात जो डॉक्टर मेडिकेअर स्वीकारतो त्याच्याकडे चालतं. खाजगी कंपन्यांच्या मेडिकेअर अॅडव्हांटेज योजना बहुतेक वेळा ठरावीक भागातल्या नेटवर्कला बांधलेल्या असतात, आणि फिरत्या माणसाला त्यांचा जाच होतो.

आता सामान.

यादी वाढते आहे, कारण राहायचं कुठे हेच ठरलेलं नाही. आरव्हीचा मुक्काम ढोबळमानाने दोन तऱ्हेचा असतो. एक हूकअपचा. साइटवर विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचं तोंड, तिन्ही तयार. दुसरा कोरडा, ज्याला इथे बूनडॉकिंग म्हणतात. वाळवंटात किंवा जंगलाच्या सरकारी जमिनीवर गाडी लावायची, पाणी टाकीतलं, वीज स्वतःची. पहिल्या तऱ्हेला लागणारं सामान एका मोठ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात मावतं. दुसरीला हजारो डॉलर लागतात. तुमची सगळी यादी दुसऱ्या तऱ्हेची आहे, आणि ३८ फुटी गाडी घेऊन पहिल्याच वर्षी तुम्ही तिथे फारशा जाणार नाही. कच्च्या रस्त्यावर एवढी लांब गाडी वळवायला हात बसावा लागतो.

सोलरवर एसी चालेल, असं यजमानांच्या मनात असेल तर हा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-अवर वीज मावते. छतावरचा एक एसी चालताना १,३०० ते १,६०० वॉट खातो. म्हणजे एक बॅटरी तासभरसुद्धा पुरत नाही, आणि एवढ्या मोठ्या गाडीला बहुधा दोन एसी असतात. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, लॅपटॉप, फोन यांना सोलर उत्तम. एसीसाठी त्यावर विसंबायचं तर छत आणि खिसा दोन्ही मोठे लागतात. शिवाय साध्या लिथियम बॅटऱ्या शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायच्या नसतात. हिवाळ्यात डोंगरात राहायचा बेत असेल तर त्या गाडीत कुठे बसणार तेही आधी बघावं लागतं. पहिलं वर्ष हूकअपवर काढा. वर्षाअखेरीस तुम्हाला निर्जन जागा ओढतात की दुपारच्या गप्पांना शेजार हवासा वाटतो, हे तुमचं तुम्हालाच कळेल. मग ती यादी पुन्हा काढा.

खरी काळजी मला वाटते ती ट्रकची. तुमच्या पत्रात याचा उल्लेख ओझरता आहे, पण सगळ्यात मोठा आणि सगळ्यात धोक्याचा आकडा इथेच आहे. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनातला साधारण १५ ते २५ टक्के भार ट्रकच्या मागच्या हौद्यावर येतो. त्याला पिन वेट म्हणतात. ३८ फुटी गाडी भरल्यावर १४,००० पाउंडांवर सहज जाते. त्याचे २० टक्के धरले तरी २,८०० पाउंड झाले. त्यात तुम्ही दोघं, हिच (गाडी जोडायचा सांधा) आणि ट्रकमधलं सामान मिळवा. हाफ-टन पिकअपची भार वाहायची क्षमता बहुतेक १,५०० ते २,००० पाउंडांच्या आसपास असते. तुमच्या ट्रकचा नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या लेबलवर छापलेला आहे. तो वाचा. विक्रेता "ओढेल हो" म्हणतो तेव्हा तो ओढायच्या ताकदीबद्दल बोलत असतो. प्रश्न पाठीवरच्या भाराचा आहे, आणि उतारावर थांबण्याचा. तेव्हा एक तर एक-टन ट्रक घ्या, नाही तर गाडी लहान घ्या. मला विचाराल तर गाडीच लहान घ्या, ३० फुटांच्या आत. कारण पुढे कॅम्पग्राउंडच्या भागात येईलच.

आरव्हीच्या दाराशीही एक लेबल असतं, माल किती भरता येईल याचं. पाण्याचा एक गॅलन ८.३ पाउंडांचा. ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पाउंड तिथेच गेले. आपल्याकडची डाळी-पिठांची बरणी, स्टीलचे डबे, ग्राइंडर हे सगळं दिसायला थोडं आणि काट्यावर भरपूर असतं. सगळं भरून झालं की हायवेवरच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर गाडी एकदा तोलून घ्या. थोडक्या डॉलरांत प्रत्येक अॅक्सलचं वजन छापून मिळतं. टायरही तपासा. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे असतात. "२३२१" म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसली तरी ट्रेलरचा टायर वयाने म्हातारा होतो, आणि पाच-सहा वर्षांनंतर तो बदलायचाच. टायरचं प्रेशर ट्रकमध्ये बसून दाखवणारा मॉनिटर लावा. मागे ट्रेलरच्या टायरमधली हवा गेली तर पुढे ड्रायव्हरला ते कळतच नाही, आणि कळतं तेव्हा चाकाने वरचा पत्रा फाडलेला असतो.

हूकअपसाठी काय लागतं ते आता सांगते. यात पहिल्या नंबरला वीज.

मोठ्या गाडीची जोडणी ५० अँपिअरची असते. त्यात १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असतात, म्हणजे एकूण १२,००० वॉट. ३० अँपिअरच्या जोडणीत एकच वाहिनी, ३,६०० वॉट. बरीच जुनी कॅम्पग्राउंड ३० वरच आहेत. अडॅप्टर लावून तिथे राहता येतं, पण एसी, मायक्रोवेव्ह आणि गिझर एकदम लावले की खटका पडलाच. हे गैरसोयीचं आहे, धोक्याचं नाही. धोका कशात आहे ते बघा. ५० च्या खांबातली न्यूट्रल तार सैल झाली तर एका वाहिनीवरचा दाब २४० व्होल्टपर्यंत चढू शकतो, आणि टीव्हीपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळं एका क्षणात जातं. दुसरा धोका सावकाश येतो. जुलैच्या दुपारी सगळ्या कॅम्पग्राउंडचे एसी सुरू झाले की दाब १०५ व्होल्टपर्यंत घसरतो. मग एसीचा कंप्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि महिन्या-दोन महिन्यांत जळतो. नुसता सर्ज प्रोटेक्टर हे दुसरं संकट थांबवत नाही. त्यासाठी ईएमएस म्हणतात ते यंत्र घ्या. ते उलटसुलट जोडणी, तुटलेली न्यूट्रल, जास्त आणि कमी दाब हे सगळं तपासतं आणि दाब १०४ च्या खाली गेला की वीज तोडतं. ३००-४०० डॉलर पडतील. तुमच्या यादीत ते नाही, आणि मी सगळ्यात आधी तेच घेईन.

साइटवर पोहोचल्यावर क्रम असा ठेवा. खांबावरचा खटका बंद. यंत्र खांबाला लावा. खटका चालू करा आणि पडद्यावरचे आकडे बघत दोन मिनिटं थांबा. ११४ ते १२६ च्या मध्ये असेल तर ठीक. काही चुकीचं दाखवलं तर ऑफिसात जाऊन दुसरी साइट मागा. गाडी समतल करायच्या, स्लाइड (बाहेर सरकणारे खोलीचे भाग) बाहेर काढायच्या आधी हे करा, म्हणजे पुन्हा आवरावं लागत नाही.

पाण्याला दोन गोष्टी. कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाब कधीकधी १०० पीएसआयच्या (पाण्याचा दाब मोजायचं एकक) वर असतो, आरव्हीचे पाइप तेवढ्यासाठी केलेले नसतात. ४० ते ६० ठेवणारा, काटा असलेला रेग्युलेटर घ्या आणि तो नळाला लावा, गाडीच्या तोंडाशी नको, म्हणजे होज (पाण्याची नळी) पण वाचतो. पिण्याच्या पाण्याचा होज वेगळा, पांढरा किंवा निळा. संडासाची टाकी धुवायचा होज वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या कप्प्यात. यावर तडजोड नाही.

सांडपाण्याची लोकांना उगीच किळस वाटते. नियम दोनच. ब्लॅक टँकची, म्हणजे संडासाच्या टाकीची, झडप कायम बंद ठेवायची आणि टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच सोडायची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं, घट्ट ते तळाशी साचून दगडासारखं होतं. आणि आधी ब्लॅक, मग ग्रे (भांडी-अंघोळीच्या पाण्याची टाकी), म्हणजे त्या पाण्याने होज धुतला जातो. आपली पाणी वापरायची सवय इथे फायद्याची आहे, या टाकीला जितकं पाणी तितकं चांगलं. जाड हातमोजे, चांगल्या प्रतीचा होज आणि आतलं दिसणारा पारदर्शक एल्बो (होजचा वाकडा जोड) घ्या. बाकी लेव्हलिंगचे ब्लॉक आणि चाकांचे अडसर.

आता कॅम्पग्राउंड. इथे लांबी आडवी येते. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर मेदर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांपर्यंतच गाडी चालते आणि हूकअप नाहीत. त्याच रिमवर ट्रेलर व्हिलेजमध्ये पूर्ण हूकअप आहेत आणि ५० फुटांपर्यंत जागा मिळते, पण भाडं त्या मानाने बरंच जास्त. योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये हूकअप नाही. यलोस्टोनमध्ये पूर्ण हूकअप फक्त फिशिंग ब्रिजला आहेत. तिथे ग्रिझली अस्वलांमुळे कापडी भिंतीच्या गाड्यांनाही मनाई आहे. लहान गाडी घ्या म्हणते ती याचसाठी. आतल्या चांगल्या जागा लहान गाडीला मिळतात, आणि मोठी गाडी गावाबाहेरच्या खाजगी पार्कात राहते.

यजमान ६२ च्या वर आहेत आणि सिटिझन आहेत, तेव्हा त्यांनी राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा सीनियर पास घ्यावा, ८० डॉलर. प्रवेश फुकट, आणि केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर भाडं निम्मं. हा पास आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या कॅम्पग्राउंडवरही चालतो. धरणांच्या तळ्याकाठची ही ठिकाणं आपल्या लोकांना माहीतच नसतात. वीज-पाणी असतं, साइट ऐसपैस, झाडी दाट. मला स्वतःला ती सगळ्यात आवडतात. आरक्षण रेक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर, बहुतेक ठिकाणी ६ महिने आधी उघडतं.

अशा सरकारी ठिकाणी सहसा १४ दिवसांची मर्यादा असते. पूर्णवेळ राहणाऱ्यांना म्हणून खाजगी पार्कांचा महिन्याचा दर फार उपयोगी पडतो. रोजच्या दराच्या मानाने तो बराच स्वस्त पडतो, मात्र वीज मीटरवर वेगळी लावतात. फोनवर विचारून घ्या: ट्रक धरून साइट किती लांब, ५० अँपिअर आहे का, वीज कशी आकारता, टपाल घेता का, आणि १० वर्षांहून जुनी गाडी चालते का. जुन्या गाड्यांना नाही म्हणणारे पार्क बरेच आहेत. शिवाय नकाशावर शेजारून रेल्वे जाते का तेवढं बघा. फ्लोरिडा, अॅरिझोना आणि दक्षिण टेक्सासमधली हिवाळ्याची आरक्षणं वर्षभर आधी भरतात, तेव्हा पहिल्या हिवाळ्याची जागा आत्ताच धरा.

कोरड्या मुक्कामाची चव घ्यायची असेल तर ती दुसऱ्या हिवाळ्यात, अॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ 'ला पोसा' इथे घ्या. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याची ही जागा १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवान्यावर महिनोन्‌महिने राहायला देतात. पाणी आणि डंप स्टेशन (सांडपाणी सोडायची जागा) जवळच असतं आणि शेजारी जाणते लोक असतात.

न्यू जर्सीहून दक्षिणेला निघताना एक ध्यानात ठेवा. बॉल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून प्रोपेनच्या टाक्या घेऊन जायला बंदी आहे. पूर्वी की ब्रिजवरून जाता यायचं, तो २६ मार्च २०२४ ला पडला. आता ६९५ या हायवेवरून शहराच्या पश्चिमेने वळसा घालायचा. जीपीएस सरळ बोगद्यात नेईल.

घर विकायच्या आधी एक महिना भाड्याची आरव्ही घेऊन घरापासून दोन तासांच्या आतल्या कॅम्पग्राउंडवर राहा. सुट्टीसारखं नको, रोजच्यासारखं. कपडे धुणं, बँकेची कामं, पाऊस लागला तर दोघं दिवसभर आत. फिफ्थ व्हील घेताना वॉरंटीत पूर्णवेळ राहणं मान्य आहे का हे लेखी घ्या, बऱ्याच कंपन्या ते नाकारतात. विमाही पूर्णवेळ राहणाऱ्यांचाच हवा.

कुकर नक्की न्या. डोंगरात त्याच्याशिवाय डाळ शिजत नाही. ८,००० फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि तूरडाळ तासन्‌तास तशीच राहते. प्रोपेनच्या शेगडीवर लावा. इंडक्शन १,८०० वॉटची असेल तर एकटी १५ अँपिअर खाते, ३० च्या जोडणीवर एसीबरोबर ती चालवणं अवघड. फोडणी करताना छताचा पंखा आणि एक खिडकी उघडी ठेवा, धुराचा अलार्म काढून ठेवू नका. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म किती सालचे आहेत ते पाठीमागे छापलेलं असतं, मुदत संपली असेल तर नवे लावा. तेलकट कढई आधी कागदाने पुसा, मग धुवा, नाही तर ग्रे टँकमध्ये तेलाचा थर धरतो आणि उन्हाळ्यात वास आत येतो. अस्वलांच्या भागात तेलाची बाटली, कांदे-बटाटे, कचरा यातलं काही बाहेर ठेवायचं नाही. म्हणून बाहेरचं स्वयंपाकघर घेऊ नका, एक घडीचं टेबल पुरतं. शांततेची वेळ बहुतेक ठिकाणी रात्री १० ते सकाळी ६ असते. पहाटे उठून स्वयंपाक आटपायची सवय असेल तर कुकर तेवढा सहानंतर लावा.